बंकर हिलची लढाई ब्रिटिशांनी जिंकली, तरी तिला एवढं महत्त्व का?

प्रश्न असा आलाय: "सर, बंकर हिलला टेकडी तर ब्रिटिशांनीच घेतली, अमेरिकन मागे पळाले, मग सगळ्या नोट्समध्ये ही लढाई वसाहतींच्या बाजूने का मांडलेली असते? आणि राजकीय परिणाम लिहा म्हटलं तर 'मनोबल वाढलं' याच्यापुढे काय लिहायचं?"

प्रश्न एकदम रास्त आहे. ही लढाई अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली, बॉस्टनजवळ १७ जून १७७५ ला झालेली, ब्रिटिश सैन्य विरुद्ध त्यांच्याच अमेरिकन वसाहतींचे लोक. मी दादरला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक इतिहास शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवत होतो, आणि 'वसाहतींचं मनोबल वाढलं' हे वाक्य प्रत्येक बॅचच्या पेपरात येतं म्हणजे येतंच. वाक्य खोटं नाहीये, पण त्याने काहीच उलगडत नाही, कारण मनोबल वाढून कुठलं साम्राज्य हलत नाही. या लढाईचा सगळ्यात मोठा राजकीय परिणाम घडला तो लढाईनंतर पाच आठवड्यांनी, लंडनमध्ये, जेव्हा मेलेल्या-जखमी झालेल्यांची यादी घेऊन जहाज तिथे पोचलं. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप लागत जातं, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी शांतपणे वाच.

आधी जागा समजून घे, जागा समजल्याशिवाय ही लढाई कळत नाही. आपली मुंबई भराव टाकून जोडायच्या आधी कशी होती, खाडीच्या अलीकडे बेटं आणि पलीकडे साष्टी, तसं त्या काळचं बॉस्टन होतं, जवळजवळ बेटच, फक्त एका अरुंद जमिनीच्या पट्ट्याने मुख्य भूमीला जोडलेलं. उत्तरेला चार्ल्स नदीच्या पलीकडे चार्ल्सटाऊनचं असंच एक द्वीपकल्प, त्याचीही मान अरुंद. दक्षिणेला डॉर्चेस्टरच्या टेकड्या. या दोन्हीकडच्या उंचीवर ज्याच्या तोफा चढतील त्याच्या हातात बॉस्टन शहर आणि बंदर, इतकं सरळ गणित होतं. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि काँकर्डला गोळीबार झाला, ब्रिटिश तुकडी मार खात बॉस्टनला परतली, आणि त्यानंतर न्यू इंग्लंडमधले जवळपास पंधरा हजार मिलिशियावाले, म्हणजे गावोगावचे हत्यारबंद नागरिक, शहराला वेढा घालून बसले. आत ब्रिटिश सेनापती जनरल थॉमस गेज अडकलेला. मेच्या शेवटी त्याच्या मदतीला विल्यम हाऊ, हेन्री क्लिंटन आणि जॉन बर्गॉइन हे तिघे जनरल एकाच जहाजातून आले, आणि आल्यावर त्यांनी ठरवलं की डॉर्चेस्टर आणि चार्ल्सटाऊन दोन्ही टेकड्या ताब्यात घ्यायच्या. ही बातमी बाहेर फुटली. मग अमेरिकनांनी ठरवलं की आपणच आधी जाऊन बसू.

१६ जूनच्या रात्री त्यांचा कर्नल विल्यम प्रेस्कॉट साधारण बाराशे माणसं घेऊन गेला. हुकूम होता बंकर हिलवर मोर्चा बांधायचा. पण प्रत्यक्षात खणलं ते पुढच्या ब्रीड्स हिलवर, ही टेकडी ठेंगणी, पण बॉस्टनच्या जास्त जवळ, तिथून तोफ शहरावर चालू शकते, म्हणजे ब्रिटिशांना दुर्लक्ष करताच येणार नाही अशी जागा. हा बदल का केला यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. नाव मात्र बंकर हिलचंच राहिलं, लढाई झाली ब्रीड्स हिलवर. मध्यरात्रीच्या सुमाराला कुदळ-फावडी चालायला लागली आणि पहाटे उजाडलं तेव्हा बंदरातल्या 'लाइव्हली' नावाच्या युद्धनौकेवरच्या लोकांना दिसलं की काल जिथे नुसतं कुरण होतं तिथे सहा फूट उंच मातीची गढी उभी आहे. ही माणसं शेतकरी होती, खणणं त्यांच्या हातातलं काम होतं. पण रात्रभर खणून दमलेली, पाणी संपलेलं, खायला धड काही नाही, बदली तुकडी येणार म्हणून सांगितलं ती आलीच नाही, आणि पहाटेपासून वर तोफांचा मारा.

क्लिंटनने सुचवलं होतं की समोरून चढायची गरजच नाही, मागे मानेपाशी माणसं उतरवू, परतीची वाट बंद होईल आणि सगळे आपोआप सापडतील. नकाशा बघितलास तर कळेल की हे अगदी शहाणपणाचं होतं. गेज आणि हाऊने ते मानलं नाही. भरतीची वाट बघत दुपार झाली, मग हाऊ पूर्वेच्या टोकाला उतरला, एकूण बावीस-चोवीसशे सैनिक होत गेले. त्याचा विचार होता मिस्टिक नदीच्या काठाकाठाने हलक्या पायदळाची तुकडी पळवत न्यायची आणि गढीच्या मागे शिरायचं. पण तिथे काठावर न्यू हॅम्पशायरच्या जॉन स्टार्कच्या माणसांनी दगड रचून भिंत केली होती, आणि तिच्या वरच्या अंगाला कनेटिकटच्या थॉमस नोल्टनच्या माणसांनी शेताचं लाकडी कुंपण घेऊन त्यात गवत भरून आडोसा केला होता. कुंपण आणि गवत, गोळी त्याने काय अडणार! पण त्यामागे टेकायला जागा मिळाली, नेम धरता आला. अरुंद काठावर चार-पाच जणांच्या रांगेत येणारी ती ब्रिटिश तुकडी जवळ येईपर्यंत थांबून यांनी गोळ्या झाडल्या आणि ती तिथल्या तिथे कोसळली. हाऊचा अख्खा बेत त्या काठावर संपला, पुढे उरलं ते फक्त समोरून चढणं.

दोनदा चढले, दोनदा मागे आले. त्यात ब्रिटिश तोफांबरोबर जे गोळे पाठवले होते ते चुकीच्या मापाचे निघाले, सहा पौंडी तोफांना बारा पौंडी गोळे. चार्ल्सटाऊन गावातून बंदुका चालत होत्या म्हणून नौदलाने ते गावच पेटवून दिलं, तीन-चारशे घरं गेली. हे गाव लक्षात ठेव, राजकारणात ते परत येतं. तिसऱ्या वेळी हाऊने सैनिकांना पाठीवरची ओझी टाकायला लावली आणि संगिनी घेऊन थेट गढीवर घातलं. तोपर्यंत प्रेस्कॉटच्या माणसांची बंदुकीची दारू संपत आली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे संगिनीही नव्हत्या. गढी पडली. शेवटच्या झटापटीत डॉ. जोसेफ वॉरन मारला गेला, मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष, तीनच दिवसांपूर्वी मेजर जनरल म्हणून नेमलेला, पण त्या दिवशी साधा स्वयंसेवक म्हणून गढीत येऊन उभा राहिलेला. पाचच्या सुमाराला सगळं आटोपलं आणि अमेरिकन मानेवरून मागे गेले.

आता आकडे. ब्रिटिशांचे २२६ मेले, ८२८ जखमी, एकूण १,०५४. लढायला उतरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे. त्यात ऐंशीच्या वर अधिकारी. अमेरिकनांचं नुकसान साडेचारशेच्या आसपास. बॉस्टनमध्ये गेजकडे तेव्हा सहा-साडेसहा हजारच सैन्य होतं, म्हणजे एका दुपारीत सहावा हिस्सा गेला, आणि बदली माणूस तीन हजार मैलांवरून जहाजाने येणार. समोरच्यांचं तसं नव्हतं, त्यांची माणसं आजूबाजूच्या गावांतूनच येत होती. 'टेकडी कोणी घेतली' हा प्रश्न या आकड्यांपुढे फिका पडतो. क्लिंटनने तेव्हाच लिहून ठेवलं की असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलो, आणि अमेरिकन बाजूच्या नॅथॅनिएल ग्रीनने लिहिलं की याच भावात त्यांना अजून एखादी टेकडी विकता आली तर बरं.

आता खरा मुद्दा.

जानेवारी १७७५ मध्ये वसाहतींचा मंत्री लॉर्ड डार्टमथ याने गेजला एक पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की हे लोक म्हणजे योजना नसलेला, एकी नसलेला गावंढळ जमाव आहे, थोडी सक्ती केली की विस्कटतील, पुढाऱ्यांना पकड. हे पत्र एप्रिलमध्ये गेजच्या हातात पडलं आणि लगेच काँकर्डची मोहीम निघाली. म्हणजे तोपर्यंत लंडनचा हिशोब होता की हे एका प्रांतापुरतं कायदा-सुव्यवस्थेचं प्रकरण आहे. बंकर हिलनंतर २५ जूनला गेजने डार्टमथला लिहिलं की हे बंडखोर म्हणजे अनेकांना वाटत होता तसला फालतू जमाव नाहीये. ही दोन पत्रं शेजारी शेजारी ठेव, सहा महिन्यांत काय उलटलं ते तुला दिसेल. त्याच सुमाराला युद्धमंत्री बॅरिंग्टनला त्याने लिहिलं की आमचं नुकसान पेलण्यापलीकडचं आहे.

बातमी लंडनला पोचली २५ जुलैला. दुसऱ्याच दिवशी, २६ जुलैला, पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने राजा तिसऱ्या जॉर्जला लिहिलं की हे युद्ध आता इतकं वाढलंय की ते परदेशी शत्रूशी असतं तसंच चालवावं लागेल, आणि अशा युद्धात जे जे उपाय करतात ते सगळे इथे करावे लागतील. नॉर्थ स्वभावाने मवाळ, तडजोडीकडे कल असलेला माणूस होता, म्हणून त्याच्या हातून हे वाक्य येणं फार मोठी गोष्ट आहे. आपल्याच प्रजेशी चाललेलं भांडण परक्याशी चाललेल्या युद्धासारखं वागवायचं असं एकदा ठरलं की मग पुढची प्रत्येक पायरी त्याच जिन्यावरची असते. काही दिवसांत गेजला परत बोलवायचं ठरलं, ऑक्टोबरमध्ये तो निघाला आणि हाऊ त्याच्या जागी आला. २३ ऑगस्टला राजाने वसाहती बंडात आहेत असा जाहीरनामा काढला. नोव्हेंबरमध्ये डार्टमथला हलवून त्या जागी लॉर्ड जॉर्ज जर्मेन आला, कडक धोरणाचा पक्का माणूस. रशियाच्या कॅथरीनकडे सैन्य भाड्याने मागितलं, ती नाही म्हणाली, मग जानेवारी १७७६ मध्ये ब्रन्सविक आणि हेस-कासेल या जर्मन संस्थानांशी करार झाले. मधल्या डिसेंबरात पार्लमेंटने प्रोहिबिटरी अ‍ॅक्ट केला, वसाहतींचा सगळा व्यापार बंद, त्यांची जहाजं शत्रूची समजून जप्त. वसाहतींचा पुढारी जॉन अ‍ॅडम्स याने या कायद्याला सरळ 'स्वातंत्र्याचा कायदा' म्हटलं, कारण राजाने स्वतःच यांना आपल्या संरक्षणाबाहेर काढलं होतं.

आता ऑलिव्ह ब्रँच पिटिशनचं, म्हणजे समेटासाठी राजाला केलेल्या विनंतीचं बघ, इथे भले भले गोंधळतात. फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, हे विनंतीपत्र ५ जुलैला मंजूर केलं, ८ जुलैला सह्या झाल्या. बंकर हिलची बातमी तोपर्यंत त्यांना कळलेली होती, तरी जॉन डिकिन्सनसारख्या लोकांना अजून आशा होती की राजा मध्ये पडेल. आणि त्याच आठवड्यात, ६ जुलैला, त्याच काँग्रेसने शस्त्रं का उचलली याचंही निवेदन काढलं, त्यात चार्ल्सटाऊन जाळल्याचा उल्लेख आहे. एका हातात विनंती, दुसऱ्या हातात शस्त्र. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही, घाबरलेल्या आणि तरीही ठाम असलेल्या माणसांचं ते खरंखुरं चित्र आहे. पण विनंतीपत्र लंडनला पोचलं ऑगस्टमध्ये, बंकर हिलच्या यादीच्या मागून. राजाने ते घ्यायलाही नकार दिला. हजार माणसं पडल्याची बातमी आधी आणि हात जोडलेलं पत्र नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा आहे, तो उत्तरात आलाच पाहिजे. बंकर हिल झाली नसती तर राजाने पत्र मान्य केलं असतं असं मी म्हणत नाही, तिसरा जॉर्ज आधीपासूनच कडक होता, पण मंत्रिमंडळातल्या मवाळ लोकांच्या पायाखालची जमीन या लढाईने काढून घेतली हे नक्की.

आणि ही साखळी थेट ४ जुलै १७७६ पर्यंत जाते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांची यादी आहे ना, ती एकदा याच नजरेने वाच: आमची गावं जाळली, परदेशी भाडोत्री सैन्य आणलं, आम्हाला आपल्या संरक्षणाबाहेर घोषित केलं. चार्ल्सटाऊन, हेस-कासेलचे करार, आणि ऑगस्ट-डिसेंबरमधले निर्णय, तिन्हीचा धागा १७ जूनच्या दुपारपर्यंत मागे नेता येतो. म्हणून मी म्हणतो की बंकर हिलने वसाहतींना स्वातंत्र्य मागायला लावलं असं थेट लिहू नकोस, मध्ये अख्खं वर्ष आहे. बंकर हिलने लंडनला युद्ध पुकारायला लावलं, आणि त्या युद्धाने समेटाची भाषा बोलणाऱ्या वसाहतवाल्यांना बोलायला काही शिल्लक ठेवलं नाही.

वसाहतींच्या बाजूने एक परिणाम वाईट झाला, तो नोट्समध्ये नसतो. साध्या शेतकऱ्यांनी जगातल्या उत्तम पायदळाला झोडपलं, म्हणजे देशासाठी पेटलेली मिलिशिया पुरेशी आहे, कायमचं सैन्य कशाला, असा समज घट्ट बसला. काँग्रेसने सैनिकांच्या भरत्या थोड्या थोड्या मुदतीच्या ठेवल्या आणि सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन त्यापायी दोन वर्षं रडकुंडीला आला. ३ जुलैला केंब्रिजला येऊन त्याने सूत्रं घेतली तेव्हा त्याला या लढाईची दुसरी बाजू दिसली: अर्धी माणसं मागच्या टेकडीवर नुसती उभी होती, पुढे गेलीच नाहीत, काही अधिकारी कच खाऊन मागे फिरले. जॉन कॅलेंडर नावाच्या तोफखान्याच्या कॅप्टनला त्याने भित्रेपणाच्या आरोपावरून कोर्ट मार्शलनंतर बडतर्फ केलं, आल्या आल्या, सगळ्यांसमोर. हाच कॅलेंडर पुढे साधा शिपाई म्हणून परत भरती झाला, लाँग आयलंडला जिवावर उदार होऊन लढला आणि त्याचा डाग पुसला गेला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, मी तो प्रत्येक बॅचला सांगतो. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला कळलं की मॅसॅच्युसेट्सच्या साठ्यात बंदुकीच्या दारूची फक्त ३६ पिंपं उरलीयत, बाकीच्या वसाहतींचा साठा धरूनही माणशी नऊच्या वर बार नाहीत. टेकडी दारूवाचून गेली आणि आता सगळं सैन्यच दारूवाचून बसलेलं, यातूनच बाहेरच्या देशांकडे, विशेषतः फ्रान्सकडे, बघायची निकड वाढत गेली. परदेशांशी गुप्त पत्रव्यवहार करायला काँग्रेसने नोव्हेंबर १७७५ मध्ये समिती नेमली, स्वातंत्र्य जाहीर करायच्या सात महिने आधी.

हाऊवर या दिवसाचा जो परिणाम झाला तो मला सगळ्यात खोल वाटतो. त्या उतारावर तो स्वतः पुढे होता, त्याच्या सोबतचे अधिकारी त्याच्या आजूबाजूला पडले. चौदा महिन्यांनी, २७ ऑगस्ट १७७६ ला लाँग आयलंडला त्याने वॉशिंग्टनला पार हरवलं, ब्रुकलिनच्या मोर्च्यांपर्यंत रेटत नेलं, मागे नदी, सैनिक अजून पुढे घुसायला उतावीळ, आणि हाऊ थांबला. दोन रात्रींनी वॉशिंग्टन धुक्याचा फायदा घेऊन सगळं सैन्य पलीकडे घेऊन गेला. पुढे १७७९ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सपुढे खुलासा देताना हाऊने सांगितलं की ते मोर्चे घ्यायला हजार, कदाचित दीड हजार ब्रिटिश सैनिक गेले असते, आणि शत्रूचे दुप्पट मेले असते तरी तो सौदा परवडला नसता. हजार. हा आकडा त्याच्या डोक्यात कुठून आला असेल ते तुला सांगायला नको.

एक गोष्ट आपल्या इकडची, कारण तारखा बघून अंगावर काटा येतो. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, साष्टीत पाय रोवला. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला. १८ मे १७७५ ला आडासला हरिपंत फडक्यांच्या फौजेशी लढाई झाली, इंग्रजांनी मैदान राखलं पण माणसं भरपूर गमावली. बंकर हिलच्या बरोबर महिनाभर आधी! फरक वरच्या सत्तेने काय केलं यात आहे. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईवाल्यांना खडसावलं की आमच्या परवानगीशिवाय हे युद्ध काढलंच कसं, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करून निदान तेवढ्यापुरतं पाऊल मागे घेतलं. लंडनने अमेरिकेत तेच पाऊल पुढे टाकलं. एकाच वर्षी, त्याच इंग्रजांच्या दोन महागड्या लढाया, दोन वेगळे राजकीय निर्णय. वेळ असेल तर टाऊन हॉलला एशियाटिकच्या लायब्ररीत जाऊन पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची जुनी पुस्तकं चाळ, ठाणे-साष्टीची नावं वाचताना रोजचे लोकल स्टेशन भेटतील.

पेपरात लिहिताना दोन चुका टाळ. पहिली म्हणजे 'बंकर हिलनंतर वॉशिंग्टनची नेमणूक झाली', हे चुकीचं आहे, काँग्रेसने त्याला १५ जूनला निवडलं, लढाई १७ ला, त्याला बातमी वाटेत कळली. दुसरी म्हणजे ते 'डोळ्यातलं पांढरं दिसेपर्यंत गोळी झाडू नका' हे वाक्य, कोणी अमेरिकन जनरल पुटनमच्या नावावर लिहितं कोणी प्रेस्कॉटच्या, आणि त्या दिवशी ते कोणी म्हटलं याचा पक्का पुरावा नाही. उत्तरात तेवढी जागा असेल तर त्याऐवजी नॉर्थचं २६ जुलैचं पत्र लिही, त्याच्यानंतर लगेच २३ ऑगस्टचा जाहीरनामा, आणि मग प्रोहिबिटरी अ‍ॅक्ट, याच क्रमाने.